उजवी कूस

त्या बायकांच्या संस्थेला कागदोपत्री एक लांबलचक नाव होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. बाकी सगळे त्यांना चादरवाल्या म्हणत. सात बायका, तळमजल्यावरची एक खोली, खोलीत कपडे धुण्याची दोन यंत्रं, आणि आसपासच्या गल्ल्यांतले तेवीस अंथरुणाला खिळलेले जीव. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या बायका घरोघर फिरायच्या. खिळलेल्या माणसाला पुसायचं, त्याची चादर बदलायची आणि दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं. ऐकायला एवढंसं काम. पण न केलं तर चार दिवसांत माणसाची पाठ सडते.

हे सगळं सुरू केलं थोरलीने. तिला सगळे थोरलीच म्हणत, आणि तिची सून तिला आई म्हणे. तरुणपणी थोरलीची सासू दोन वर्षं अंथरुणावर होती. थोरली तिला वेळेवर भरवायची, औषध द्यायची, पाय चेपायची. फक्त वळवायची नाही, कारण वळवायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूच्या कमरेखाली जखम झाली, मूठ जाईल एवढी, आणि तिच्यातच ती गेली. ती जखम थोरली कधी विसरली नाही. पुढे शेजारची एक आजी पडली तेव्हा थोरली न बोलावता गेली, आणि मग जातच राहिली.

सुरुवातीच्या बायकांना लिहिता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. म्हणून त्यांनी चिमट्यांची युक्ती काढली. खाटेच्या उशाशी एक दोरी बांधायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा लावायचा. चिमटा दोरीच्या डाव्या टोकाला, तर माणूस डाव्या कुशीवर. मध्ये, तर पाठीवर. उजवीकडे, तर उजव्या कुशीवर. आणि वळवलं त्या वेळचा तास चिमट्यावर खडूने लिहायचा. पुढची बाई आली की दारातूनच तिला कळायचं, माणूस कसा आहे आणि कधीपासून. तो खडू शिंपीकाकांनी दिलेला, कापडावर खुणा करायचा.

शिंपीकाका चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले. मणका गेला आणि उजवा खुबा मोडला. कमरेखाली त्यांना काही कळत नसे. खुब्यात सळई बसवली होती, आणि डॉक्टरने बजावलं होतं की उजव्या कुशीवर कधीच घालायचं नाही, सळईवरची कातडी तासाभरात फाटेल. म्हणून त्यांच्या दोरीच्या उजव्या टोकाला थोरलीने काळी चिंधी बांधली होती. तिकडे चिमटा जायचाच नाही. चार वर्षांत काकांच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

"कापड एकाच घडीवर ठेवलं की घडीवरच विरतं," काका म्हणायचे. "थोरली माझी घडी मोडते, म्हणून हे थान अजून विरलेलं नाही."

ती तळमजल्याची खोली, यंत्रांसकट, एका मोठ्या देणगीदार मंडळाची होती. इतकी वर्षं त्यांनी काही विचारलं नाही. यंदा मात्र त्यांनी ठरवलं की ज्यांना ज्यांना आपण आधार देतो, त्या संस्थांची क्षमता तपासायची, आणि जिथे कमी असेल तिथे ती वाढवायची. चारपैकी तिसरी पातळी मिळाली तर खोली आणखी पाच वर्षं. नाही मिळाली तर महिनाअखेर रिकामी.

तपासायला एक पस्तिशीचा माणूस आला. सभ्य, हळू बोलणारा, इस्त्रीचा सदरा. पहिल्याच दिवशी तो प्रत्येक गोष्टीला एक ते चार गुण देऊ लागला, तेव्हा बायकांनी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं.

"संस्थेची क्षमता किती आहे असं तुम्हाला वाटतं?" त्याने विचारलं.

मंडळाच्या कार्यालयातल्या लिफ्टमध्ये पाटी होती, क्षमता सहा व्यक्ती. थोरलीने हा शब्द तेवढाच पाहिलेला. ती म्हणाली, "तेवीस खाटा. ओढून ताणून पंचवीस. त्याच्यावर गेलं तर लिफ्ट निदान बोंब तरी मारते. आम्हाला तीही सोय नाही."

बायका हसल्या. फूटपट्टीही हसला, आणि त्याने काहीतरी लिहिलं. नंतर सुनेने वाचून दाखवलं. 'संस्थेला क्षमता या संकल्पनेची स्पष्टता नाही. गुण एक.'

नोंदी, गुण एक. ध्येयवाक्य, गुण एक. आणि मग तो प्रश्न आला, 'प्रमुख व्यक्ती नसल्यास संस्था किती काळ चालेल?' थोरली म्हणाली, "मी मेल्यावर कळेल." त्यालाही एक.

"आई, तुम्ही जरा नीट उत्तरं द्या ना," सून घरी आल्यावर म्हणाली. ती सातजणींतलीच एक, पण शिकलेली होती, चादरवाल्यांची पत्रं वगैरे तीच लिहायची. "त्यांचं सगळंच चूक नाही. उद्या नवी बाई आली तर काळ्या चिंधीचा अर्थ तिला कुठे लिहिलेला सापडणार?"

"मी सांगेन."

"आणि तुम्ही नसलात तर?"

थोरलीला राग आला, कारण बोलणं खरं होतं. ती भांडी आपटत राहिली.

मग क्षमता वाढवायचं ठरलं. तीन दिवसांचं शिबिर, शहराबाहेरच्या सभागृहात, तिथेच मुक्काम. सातही जणींची हजेरी हवी, शंभर टक्के. एक जरी गैरहजर असली तरी शिबिर धरलं जाणार नव्हतं. थोरलीने विचारलं, "मग खाटांवरची माणसं?" फूटपट्टी म्हणाला, "त्याची व्यवस्था केलीय. एक मोठी संस्था बदली सेविका देणार आहे. प्रशिक्षित. त्यांची नोंदवही तर नमुन्यासारखी असते."

थोरलीने त्यांच्या पर्यवेक्षिकेला दोरी समजावून सांगायला सुरुवात केली. पर्यवेक्षिका मध्येच म्हणाली, "मावशी, आमची पद्धत लेखी आहे. दोऱ्याबिऱ्यांची गरज नाही." खोलीचा विचार करून थोरलीने जीभ आवरली. हजेरीच्या कागदावर तिने सही केली. लहान मुलासारखी, एकेक अक्षर दाबून.

शिबिरात दारातच टोपली ठेवलेली होती. फोन तीत टाकायचे, तिसऱ्या दिवशी परत मिळणार, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. तीन दिवस त्यांनी रंगीत कागदांवर शब्द लिहिले आणि ते भिंतीवर चिकटवले. ध्येयवाक्य कुठलं ठेवायचं यावर एक दुपार गेली. थोरलीला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसायचे. दहा, बारा, दोन. दर दोन तासांनी तिचे हात आपोआप उचलले जायचे, जणू समोर कुणाची पाठ आहे.

"मावशी, तुमची संस्था पाच वर्षांनी कुठे असेल?" शिबिर घेणाऱ्या बाईने विचारलं.

"खाटेच्या उजव्या अंगाला," थोरली म्हणाली. "डावीकडे बहुतेक भिंत असते."

तिसऱ्या संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा त्यावर अकरा कॉल होते. सगळे एकाच नंबरवरून, शिंपीकाकांच्या लेकीचे.

लेक कारखान्यात कामाला जायची. रात्री वडिलांना तीच वळवायची. पहाटे उठून सगळं आवरून आठला त्यांना पाठीवर घालायची, चिमट्यावर आठ लिहायची आणि निघायची. पहिल्या संध्याकाळी परत आली तर चिमटा तिथेच, आठचाच. तिला वाटलं, नव्या बाईला चिमट्याचं ठाऊक नसेल. दुसऱ्या संध्याकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसला, बोटाने दाबला तरी पांढरा न होणारा. तिने थोरलीला फोन लावला, पुन्हा लावला. तिसऱ्या सकाळी सेविकेला विचारलं तर ती म्हणाली, "वही बघा ना, ताई. सगळं लिहिलेलं आहे." रजा मिळाली नाही म्हणून लेक कामावर गेली. संध्याकाळी कातडी फुटलेली होती.

थोरली हातातल्या पिशवीसकट तिथे पोचली. लेकीने चादर बाजूला केली.

जखम रुपयाएवढी होती. थोरलीने ती पुसली, बांधली, काकांना डाव्या कुशीवर घेतलं, उशा लावल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात हलके होते. हातांना राग येऊ द्यायचा नाही, हे ती सगळ्यांना शिकवायची.

"मी तिला सांगितलं की वळव बाई मला," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, आजोबा, लिहिलंय मी."

थोरलीने चिमटा डावीकडे लावला. खडूने सात लिहिलं.

"तू का गेलीस?" काकांनी विचारलं.

"खोलीसाठी."

"मी काय त्या खोलीत राहतो?"

थोरलीने पिशवी उचलली. ती घरी गेली, जेवली नाही. सून म्हणाली, "आई, चूक त्यांची आहे." थोरली म्हणाली, "सही कुणाची आहे?"

आठवड्याने मंडळाच्या कार्यालयात बैठक भरली. सातही जणींना बोलावलं होतं. लिफ्टमध्ये सगळ्या शिरल्या तशी ती किंचाळायला लागली. थोरली बाहेर आली. "हिला कळतं बघ," ती सुनेला म्हणाली आणि जिन्याने चार मजले चढली.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. मंडळाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. तिकडे कोपऱ्यात मोठ्या संस्थेची पर्यवेक्षिका होती. फूटपट्टी उभा राहून बोलत होता. चादरवाल्यांची प्रगती लक्षणीय आहे. ध्येयवाक्य तयार झालं. हजेरी शंभर टक्के. आता फक्त त्या मोठ्या संस्थेची नोंदवहीची पद्धत स्वीकारायची, म्हणजे तिसरी पातळी. प्रमाणपत्र तयार होतं, टेबलावर, प्लास्टिकच्या आवरणात.

"नोंद कशी असावी याचा नमुना म्हणून एक पान दाखवतो," तो म्हणाला.

पडद्यावर पान आलं. सरळ रेघा, सुबक अक्षर. वर शिंपीकाकांची खाट, तीन दिवसांची.

थोरली सावकाश वाचायची. ओळीवर डोळा ठेवून, अक्षराला अक्षर जोडत. बाकीच्यांचं कधीच वाचून झालं होतं. तिने एक ओळ दोनदा वाचली.

"ते दहाच्या खाली काय लिहिलंय?" तिने सुनेला विचारलं.

सुनेने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "उजवी कूस," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने वाच."

"आई, नंतर. खोलीचं होऊ दे."

"वाच."

सुनेने वाचलं. "दहा वाजता उजवी कूस. बारा, डावी. दोन, पाठ. चार, उजवी कूस." तिन्ही दिवस तेच. तीच शाई, अक्षराचं तेच तिरपं वळण, जणू एका बैठकीत उरकलेलं.

थोरली उभी राहिली. एप्रनच्या खिशातून तिने चिमटा काढला. खिशात एखादा कायम असायचाच. तो टेबलावर ठेवला.

"त्या माणसाला उजवी कूस नाही," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"त्याच्या उजव्या खुब्यात सळई आहे. चार वर्षांत तो एकदाही उजव्या अंगावर झोपलेला नाही. झोपवला असता तर कातडी सळईवर फाटली असती. ती तशीच आहे. फाटलीय ती माकडहाडावर, कारण तीनही दिवस आठ ते सहा त्याला हातच लावलेला नाही. तुमच्या बाईने खाट पाहिली नाही, माणूस पाहिला नाही, दोरीवरची काळी चिंधी पाहिली नाही. सकाळी वही भरली आणि फोन बघत बसली."

पर्यवेक्षिका म्हणाली, "हा आरोप आहे. आमच्याकडे लेखी नोंद आहे."

"माझ्याकडे जखम आहे," थोरली म्हणाली. "आणू का इथे? लिफ्टमध्ये खाट मावत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मावशी, तुमच्या भावना समजतात. पण एका पानावरून सगळ्या कामाला नाट लावू नका. आज विषय तुमच्या क्षमतेचा आहे."

"माझ्याच क्षमतेचं बोलतेय. तुम्ही यायच्या आधी ती होती. तेवीस पाठी होत्या, तेवीसही धड. तुम्ही वाढवलीत आणि बावीस उरल्या."

फूटपट्टीचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "थोरलीबाई, तक्रार नोंदवली तर नियमाप्रमाणे पातळी थांबवावी लागेल. चौकशी होईपर्यंत. आणि खोलीचा करार महिनाअखेर संपतो."

टेबलाखालून सुनेचा हात तिच्या मनगटावर आला होता. तो काही ओढत नव्हता. नुसता होता.

थोरलीला यंत्रं दिसली, चादरींचे ढीग, वाफ, सकाळी उघडायचं ते हिरवं दार. पुन्हा अशी खोली मिळणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वेळी हेच डोळ्यांसमोर आलं होतं आणि तिने सही केली होती.

"थांबवा," ती म्हणाली.

प्रमाणपत्र तिथेच राहिलं. उतरताना कुणीच लिफ्ट घेतली नाही.

दोन दिवसांनी दुपारी थोरली शिंपीकाकांकडे असताना दारात फूटपट्टी उभा राहिला. चपला काढून आत आला. घर लहान, एक खोली, पुढे काकांचं बंद दुकान. बसायला एकच स्टूल होतं, त्यावर पाण्याचं भांडं. तो उभाच राहिला.

"खोली महिनाअखेर सोडावी लागेल," तो म्हणाला. "मी प्रयत्न केला. पण एवढं एक केलंय. ते पान मी अहवालातून काढून टाकलं."

त्याला वाटलं होतं, ही बाई जरा निवळेल. थोरलीचा आवाज उलट खाली गेला, आणि खाली गेला की तिच्या बायका बाजूला व्हायच्या.

"काढलंत? म्हणजे आता खोटंही नाही आणि जखमही नाही. जखमेवर चादर ओढायची, हे बरं शिकलात. ते पान परत लावा. आणि त्याच्या खाली खरं काय ते लिहा."

"मग हे प्रकरण वरपर्यंत जाईल. माझी नोकरी…"

"माझी खोली गेली," थोरली म्हणाली. "आणि ह्यांची कातडी. तुमची नोकरी तिसरी. रांगेत उभे राहा."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथून म्हणाले, "कोण आहे गं? माप घ्यायला आलाय का? सांग, मी आता नवीन कपडे शिवत नाही."

थोरलीने चिमट्याकडे पाहिलं. त्यावर बारा लिहिलं होतं. घड्याळात दोन वाजत आले होते.

"सदऱ्याच्या बाह्या वर करा," ती फूटपट्टीला म्हणाली. "हात धुवा. तिथे, मोरीत."

तो धुऊन आला. तिने त्याचा एक हात काकांच्या खांद्याखाली घातला, दुसरा मांडीखाली. "ओढायचं नाही. उचलून आणायचं. मी म्हटलं की."

पाठीवर पूर्ण घालायचं नव्हतं आता, जखमेमुळे. अर्धवट, उशीच्या टेकूने. काकांचं वजन हातांवर आलं तसा फूटपट्टी घाबरला. खिळलेला माणूस असा जड असतो हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. वळवताना पट्टी सरकली. थोरलीने ती मुद्दाम लगेच झाकली नाही. त्याने पाहिलं. वास त्याच्यापर्यंत गेला असणार, कारण त्याने तोंडाने श्वास घेतला.

"मापं बरोबर आली का?" काकांनी विचारलं.

थोरलीने चिमटा आणि खडू त्याच्या हातात दिला.

"कुठे लावू?" त्याने विचारलं.

"कसे आहेत ते?"

"पाठ आणि डावी यांच्यामधे."

"मग तिथेच लावा. आणि तास लिहा."

त्याने दोन लिहिलं. मग त्याची नजर उजव्या टोकाच्या काळ्या चिंधीवर गेली. "हे म्हणजे, इकडे नाही."

"इतकंच होतं," थोरली म्हणाली. "एवढं त्या बाईने विचारलं असतं तर. एवढं मी तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असतं तर."

स्टुलावरचं भांडं खाली ठेवून तो बसला. पिशवीतून त्याने अहवाल काढला आणि मांडीवर धरून लिहू लागला. बराच वेळ लिहिलं. थोरली तोवर जुन्या चादरींची बोचकी बांधत राहिली. परवापासून त्या सातजणींच्या घरच्या मोऱ्यांत धुवायच्या होत्या, हाताने, आणि हे कसं निभणार ते तिला ठाऊक नव्हतं.

"वाचून दाखवू?" त्याने विचारलं.

"मला वाचता येतं. उशीर लागतो."

तिने कागद घेतला. ओळीखाली बोट ठेवून वाचला. सळई होती, चिंधी होती, तीन दिवस होते, जखम रुपयाएवढी होती, टोपलीतले फोनही होते. एक गोष्ट मात्र त्याने सोडली होती.

"हजेरीच्या कागदावर मी सही केली, ते लिहा."

"ते लिहायची गरज नाही हो."

"तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन."

त्याने लिहिलं. मग शेवटचं पान उलटलं, तिथे तो जुना प्रश्न होता, प्रमुख व्यक्ती नसल्यास. शेजारी त्याने स्वतःच घातलेला एक.

"हा तसाच राहू दे?" त्याने विचारलं.

"राहू दे. बरोबर आहे तो. दोरी वाचायला शिकवायचं सोडून मी तीन दिवस वाक्य शोधत बसले." तिने बोचक्याला गाठ मारली. "पण शेजारी लिहा. आजपासून आणखी एकाला दोरी वाचता येते. तो मंडळात असतो, इस्त्रीचा सदरा घालतो."

काका खुसखुसले. फूटपट्टीला हसावं की नाही ते कळेना. तो उठला, चपला घातल्या.

"निघतो," तो म्हणाला.

थोरली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चारला या. पुढची पाळी तुमची."